सोलापूरहून आर्क्टिकला जाताय? आधी अंगातला कॉटनचा बनियन काढा

यंदा फेब्रुवारीत मी, आमचे हे आणि सासूबाई (वय ६६, गुडघे दोन्ही तक्रारीचे) असे तिघं नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जाऊन आलो. तेव्हापासनं दुकानात येणारं गिऱ्हाईक टॉवेल कमी बघतंय आणि प्रश्नच जास्त विचारतंय. थंडी सोसली का, आजींना कसं नेलं, खाल्लं काय, ते आकाशातले हिरवे दिवे (नॉर्दर्न लाइट्स) खरंच दिसतात का. म्हणलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. आम्ही काय जगभर फिरणारी माणसं नाही ओ, चाटी गल्लीत टॉवेल-चादरी विकणारी माणसं आहोत, त्यामुळं आमच्याकडनं जे चुकलं ते तुमच्याकडनं पण चुकायची शक्यता जास्त, म्हणून जरा सविस्तर.

आधी जायचं कुठं ते ठरवा, कारण आर्क्टिक म्हणजे एक गाव नाही. फिनलंडचं रोव्हानिएमी हे सांताक्लॉजचं गाव, लहान पोरं असतील तर चांगलं, पण ते समुद्रापासनं आत आहे त्यामुळं उणे २०-२५ तिथं सहज जातं. ट्रॉम्सो त्याच्यापेक्षा किती तरी वर, आर्क्टिक सर्कलच्या जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला, तरी जानेवारीत सरासरी उणे चार वगैरेच असतं, कारण अटलांटिकचा गरम पाण्याचा प्रवाह किनाऱ्याला लागून वर जातो. हे वाचून मला आधी खोटंच वाटलं. पण उत्तर नॉर्वेतच आतल्या पठारावर कारासयोक म्हणून गाव आहे तिथं १८८६ साली उणे ५१.४ नोंदलंय, म्हणजे समुद्र जवळ असण्यानं किती फरक पडतो बघा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर डोळे झाकून ट्रॉम्सो. स्वालबार्ड अजून वर, तिथं न्यू-ओलेसुंडला आपल्या भारताचं हिमाद्री नावाचं संशोधन केंद्र २००८ पासनं आहे, अभिमानाची गोष्ट आहे, पण पहिल्याच ट्रिपला तिकडं जाऊ नका, गावाबाहेर पांढऱ्या अस्वलांची भीती असते आणि बंदूकवाल्या गाईडशिवाय बाहेर पडू नका असंच सांगतात.

कधी जायचं? नोव्हेंबरच्या शेवटापासनं जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रॉम्सोत सूर्य वर येतच नाही, आणि आजूबाजूला डोंगर असल्यामुळं गावात दिसायला २१ जानेवारी उजाडते. त्या दिवशी तिथले लोक गोल गोल जॅम भरलेले बन खाऊन सूर्याचं स्वागत करतात, म्हणजे त्यांची संक्रांतच म्हणा की. व्हेल बघायचे असतील तर नोव्हेंबर ते जानेवारी, नुसते दिवे बघायचे असतील तर सप्टेंबर ते मार्चअखेर. आमचं मत, सोलापूरची संक्रांतीची गड्डा यात्रा उरकून, हुरडा खाऊन, फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघावं. दिवसाला आठ-नऊ तास उजेड मिळतो, रात्र पण भरपूर असते आणि बर्फ तर असतोच असतो. ट्रॉम्सोत जमिनीवर साचलेल्या बर्फाचा विक्रम २ मीटर ४० सेंटीमीटर आहे आणि तो १९९७ च्या २९ एप्रिलला झालेला, आपल्याकडं त्या वेळी डांबर वितळत असतं.

आता कपडे. इथं मी जास्त बोलणार कारण हा आमचा धंदा आहे आणि तरी आम्हीच फसलो.

बघा, टॉवेल चांगला कशाला म्हणतो आपण? जो पाणी धरतो. टेरीचे ते बारीक लूप असतात ना, त्यात पाणी अडकतं, जीएसएम (म्हणजे कापडाचं चौरस मीटरमागं ग्रॅममध्ये वजन) जास्त तितकं जास्त पाणी, आणि मग तो दोरीवर वाळायला सोलापूरच्या उन्हात पण दोन तास घेतो. हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगते. आणि तीच मी, आत कॉटनचा बनियन, त्यावर नवी पेठेतनं घेतलेलं जाडजूड थर्मल (लेबल नंतर वाचलं, ते पण कॉटनच), त्यावर दोन स्वेटर आणि जॅकेट घालून पहिल्या दिवशी गावातनं चढ चढून गेले. वर पोचेपर्यंत घाम. आपल्याला वाटतं थंडीत घाम कुठनं येणार, पण चार थर घालून बर्फात चालणं म्हणजे डोक्यावर गठ्ठा घेऊन चालण्यासारखं आहे. मग फोटो काढायला दहा मिनिटं थांबलो आणि पाठीवर असं गार झालं की जणू कोणी ओला पंचा टाकलाय. दात वाजायला लागले. तापमान होतं फक्त उणे सहा! दुसऱ्या दिवशी उणे बारामध्ये बरोबर कपडे घालून तीन तास हिंडलो, काही झालं नाही. तिथं माणसाला गारठवते ती ओल, आकडा नाही.

तर अंगाला लागून कॉटन नको, म्हणजे नकोच, आतले कपडे सुद्धा. पहिला थर लोकरीचा, मेरिनो मिळाला तर उत्तम, नाहीतर पॉलिस्टरचा स्पोर्टवाला. तो घाम अंगावरनं उचलतो आणि बाहेर टाकतो. दुसरा थर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर. तिसरा वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट, ढुंगणाखाली येईल इतकं लांब. खाली थर्मल पॅंट आणि त्यावर वारा न लागणारी पॅंट, जीन्स अजिबात नको, ती पण कॉटनच की. चालताना जरा गार वाटलं पाहिजे, घरातनं निघतानाच उबदार वाटलं तर एक थर जास्त झालाय असं समजा. बस, दुकान, हॉटेल सगळीकडं आत एकवीस-बावीस डिग्री असतं, आत गेल्या गेल्या चेन उघडायची, टोपी काढायची, आळस करायचा नाही. सोलापुरात हे सगळं मिळत नाही, पुण्याला डेकॅथलॉनमध्ये जाऊन एका दिवसात काम होतं, आणि विकत घेताना लेबल वाचा, दुकानदार काय म्हणतो ते ऐकू नका. दुकानदारच सांगतीय.

आपली चादर? नेली आम्ही, सासूबाईंनी ऐकलंच नाही. ट्रेनमध्ये आणि रूमवर सोफ्यावर टीव्ही बघताना मस्त, बाहेर काही उपयोग नाही.

सासूबाईंच्या कपड्यांचं कोणीच कुठं लिहीत नाही म्हणून सांगते. त्या जन्मात साडीशिवाय राहिल्या नव्हत्या. "मी पॅंट घालून फिरू का आता?" म्हणून आठ दिवस रुसवा. शेवटी आत लोकरीची थर्मल, त्यावर फ्लीसची पॅंट आणि वर गुडघ्याखाली येणारा कुडता, त्यावर जॅकेट, असा तोडगा निघाला, दिसायला सलवार-कुडत्यासारखं. साडी फक्त रूमवर. बर्फात साडीचा काठ भिजतो, मग कडक होतो आणि पायात येतो, नको ती भानगड. दागिने पण बघा, कानातली कुडी आणि नाकातली चमकी धातूची, बाहेर वाऱ्यात ती इतकी गार होते की कातडीला चटका बसल्यासारखं वाटतं. काढून ठेवा नाहीतर झाकून घ्या, मंगळसूत्र आतल्या थराच्या आत. आणि डोक्याला काय? आपली माकडटोपी! हे हसत होते एअरपोर्टवर, पण तिथं सगळे गोरे लोक तसलीच घालून फिरतात, नुसतं नाव वेगळं आणि किंमत दहापट. सासूबाईंची टोपी सोलापूरच्या मंगळवार बाजारातली.

हाताला पाच बोटांचे ग्लव्हजपेक्षा चार बोटं एकत्र असलेले मिटन जास्त गरम, आत पातळ ग्लव्हज घालायचे म्हणजे मोबाईल वापरताना हात उघडा पडत नाही. हँड वॉर्मरची पाकिटं न्या, त्यात लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की ती गंजते आणि गंजताना गरम होते, म्हणून पाकीट फोडून जरा हलवून मग मिटनमध्ये ठेवायचं. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. हे महत्त्वाचं. दोन-दोन मोजे कोंबून घट्ट बूट घातले की रक्त खेळत नाही आणि बोटं बधिर होतात, एकच जाड लोकरीचा मोजा बास. रात्रीच्या बऱ्याच टूरवाले अंगभर जाड सूट आणि बूट देतात, बुकिंग करताना विचारून घ्या, उगाच महागडं जॅकेट घेऊ नका.

आकड्यावर जाऊ नका, वारा बघा. उणे दहा आणि ताशी तीस किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे वीससारखं लागतं. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गाल यांच्यावर पांढरट डाग पडला आणि तिथं काही कळेनासं झालं तर लगेच आत जायचं. तिथं बर्फ चोळायचा नाही, हीटरला पण लावायचं नाही, नाका-गालावर आपला गरम हात धरायचा, बोटं असतील तर काखेत धरायची किंवा कोमट पाण्यात. एकमेकांचे चेहरे बघत राहायचं कारण स्वतःला कळत नाही.

थंडीपेक्षा जास्त धोका पायाखाली आहे. ट्रॉम्सोत मधेच पाऊस पडतो, मग रात्री गोठतं आणि सकाळी सगळा रस्ता आरसा. ताज्या भुसभुशीत बर्फावर माणूस पडत नाही, पडतो तो या काचेवर. दुसऱ्या दिवशी आमचे हे हॉटेलच्या दारातच आडवे झाले, मनगट सुजलं, नशीब मोडलं नाही. त्यानंतर गुपचूप जाऊन तिघांसाठी ब्रॉडर घेतले. ब्रॉडर म्हणजे बुटाखाली रबरानं अडकवायची खिळ्यांची पट्टी, तिथं किराणा दुकानात पण मिळते आणि तिथली म्हातारी माणसं सगळी घालून खटाखटा चालत असतात. पहिल्या दिवसापासनं घाला, लाजायचं काय त्यात. दुकानात शिरताना मात्र काढायचे, फरशी खराब होते. चालायचं कसं तर पाऊल छोटं, तळवा पूर्ण टेकवून, हात खिशाबाहेर, घरात फरशी पुसलेली असताना आई ओरडेल या भीतीनं चालतो तसं. आणि अंगावर चमकणारी पट्टी लावा, अंधारात गाडीवाल्याला दिसायला, तिथं सगळेच लावतात, पोरं तर हमखास.

गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवायचा विचार असेल तर सोडा. पुणे हायवेवर वीस वर्षं चालवलीय म्हणून बर्फावर चालवता येत नाही. तिकडं खिळ्यांचे टायर लावतात तरी घसरतात. गावातली बस चांगली आहे. गंमत म्हणजे ट्रॉम्सो गाव बेटावर आहे आणि बेटाच्या पोटात बोगदे, बोगद्यात पार्किंग आणि चक्क चौक, म्हणजे गोल सर्कल. आमच्या सोलापूरचा सात रस्ता चौकच बोगद्यात!

व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच), प्रौढाला ९० युरो फी, सेंटरची फी वेगळी. जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो, तर तीन महिने आधी तरी कराच, उन्हाळ्यातली गर्दी नसली तरी अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, सोलापूरकरांना त्यासाठी पुणे-मुंबईची एक फेरी धरून चाला, सासूबाईंना हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला नेलं-आणलं. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा लागतोच, आणि त्यात घसरून पडणं, कुत्र्यांची गाडी, स्नोमोबाईल हे सगळं धरलंय का ते वाचा. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे, तिकडं जाऊन परत नॉर्वेत यायचं तर मल्टिपल एंट्रीवाला व्हिसा हवा, हे लोकांना माहीत नसतं. विमान मुंबईहून एखाद ठिकाणी बदलून ऑस्लो आणि तिथनं दोन तासात ट्रॉम्सो. ऑस्लोला आम्हाला सामान उचलून, कस्टम करून परत द्यावं लागलं, म्हणून मधे तीन तास तरी ठेवा. जॅकेट, टोपी, बीपीच्या गोळ्या केबिन बॅगेत. पॉवर बँक पण केबिनमध्येच, चेक-इनमध्ये चालत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते बाहेर फिरताना आतल्या खिशात ठेवायचं, गोठलं की ते वाया.

पैसे. एका क्रोनला (तिथलं चलन) आठ-नऊ रुपये धरा आणि मग हॉटेलचं मेन्यूकार्ड बघून गप परत ठेवा. किचनवाली रूम घ्या, हाच एक इलाज. तांदूळ, डाळ, दही, भाज्या साध्या किराणा दुकानात मिळतात, फक्त रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारीच भरून ठेवा. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी इतकं गोड आणि गार की फ्रीज लाजेल. कॅश आम्ही एकदाही वापरली नाही, सगळीकडं कार्ड.

बॅगेत काय नेऊ नये तर तूप, पेढे, खवा, पनीर, मटणाचं काहीही, भारतातनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र आपली. भाकरी स्टीलच्या डब्यात भरा नाहीतर ट्रॉम्सोला पोचेपर्यंत चुरा, आणि चटणी चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये इतकी पूड बघून सिक्युरिटीवाला उगाच थांबवतो. उणे वीसमध्ये बसच्या शेजारी उभं राहून कडक भाकरीवर चटणी टाकून खाल्ली आम्ही, गाईडला पण दिली, त्यानं दोनदा मागून घेतली. त्यांचं एक तपकिरी चीज असतं, चीजचं उरलेलं पाणी आटवून आटवून करतात, गोडसर. सासूबाई म्हणल्या, "हे तर बासुंदीची खरवड आहे गं," आणि रोज खायला लागल्या.

आता दिव्यांचं. कोणी गॅरंटी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका. आम्ही ऑनलाइन गाठलेल्या एका एजंटनं शंभर टक्के दिसणार म्हणून सांगितलं, जास्त पैसे घेतले, आणि दोन रात्री ढगाखाली उभं करून परत आणलं, वर "निसर्ग आहे मॅडम". सूर्यावरनं आलेले कण पृथ्वीच्या चुंबकामुळं ध्रुवाकडं ओढले जातात आणि शंभर किलोमीटर आणि त्याच्या वर हवेतल्या ऑक्सिजनवर आपटतात, त्याचा तो हिरवा रंग. हे दिवे जिथं जास्त दिसतात त्या पट्ट्याखालीच ट्रॉम्सो आहे, त्यामुळं लोक ते केपी-केपी (दिव्यांचा जोर किती असेल ते सांगणारा आकडा) करत बसतात ना, तो दोन असला तरी चालतं. बघायचे ते ढग. यर म्हणून नॉर्वेच्या हवामान खात्याचं ॲप आहे, त्यात तासातासाचे ढग बघा. ढग गावावर असले तरी दीडशे किलोमीटर आत फिनलंडच्या हद्दीकडं आकाश मोकळं असू शकतं, म्हणून छोट्या गाडीतनं ढग चुकवत नेणारी टूर घ्यायची, माणशी साधारण हजार ते दोन हजार क्रोन. किमान चार रात्री ठेवा. आणि टूरला निघताना बाथरूमला जाऊन घ्या, वाटेत सोय फार कमी आणि चार थर उतरवायला वेळ किती लागतो ते तुम्हाला कळेलच.

तिसऱ्या रात्री, फिनलंडच्या बॉर्डरजवळ, उणे बावीस. आधी नुसता पांढुरका पट्टा होता, मी म्हणलं ढगच आहे. गाईड म्हणाला मोबाईल धरा वर, आणि स्क्रीनवर हिरवं! डोळ्याला पहिल्यांदा फिकटच दिसतं हे लक्षात ठेवा, फोटोतल्यासारखं भडक शोधत बसाल तर दिसत असून दिसणार नाही. मोबाईलचा उजेड बंद करून पंधरा-वीस मिनिटं अंधारात डोळे बसू द्या. मग ते हलायला लागलं, वरनं खाली सरळ रेघा, एकाशेजारी एक, सरकतायत. सासूबाईंच्या माहेरी माग होता. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत, मग हळूच म्हणल्या, "वरनं कुणीतरी ताणा लावतंय बघ." हे त्यांना "आई, खुर्चीत बसा" म्हणत होते, बसल्या नाहीत. गुडघे कुठं गेले होते काय माहीत.

आणि नेमका तेव्हाच माझा मोबाईल बंद पडला, ४० टक्के बॅटरी असताना. गारठ्यात बॅटरी एकदम मान टाकते. मोबाईल आणि पॉवर बँक अंगाजवळच्या खिशात ठेवा, फोटोपुरता बाहेर काढा. ट्रायपॉड न्या, नाईट मोड लावा. कॅमेरावाल्यांनी फोकस हातानं अनंतावर, आयएसओ १६०० ते ३२००, पाच ते पंधरा सेकंद. रूमवर परत येताना कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि आत तासभर उघडायचा नाही, नाहीतर गार काचेवर वाफ धरते.

रूमवर हवा फार कोरडी, ओठ आणि हात फुटतात, व्हॅसलीन भरपूर न्या. खोबरेल तेल नेलं तर बाटलीत दगड होतो, पण तिथं बाथरूमची फरशी आतनं गरम असते, त्यावर बाटली ठेवली की पाच मिनिटात पातळ. मोजे, ग्लव्हज रात्री तिथंच पसरा, सकाळी कोरडे. सासूबाई संध्याकाळी स्टूल घेऊन तिथंच पाय शेकत बसायच्या, "घरी अशी फरशी करू या का" म्हणून. मे महिन्यात विचारते त्यांना.

सामी लोकांच्या (तिथले मूळचे, रेनडिअर पाळणारे लोक) तंबूत रेनडिअर बघायला जाल तेव्हा "तुमची किती रेनडिअर आहेत" विचारू नका, आपल्याकडं बँकेत किती पैसे आहेत विचारण्यासारखं आहे ते. ६ फेब्रुवारीला त्यांचा राष्ट्रीय दिवस असतो, त्या आठवड्यात गावाच्या मुख्य रस्त्यावर रेनडिअरची शर्यत लावतात, तारखा जुळल्या तर बघाच. कोणाच्या घरी गेलात तर बूट दारात काढायचे, आपल्यासारखंच. केबल कारनं ४२१ मीटरवर जायचं असेल तर वारा बघून जा, वर गावापेक्षा जास्त असतो. नंबर पाठ करा, ॲम्ब्युलन्स ११३, पोलीस ११२.

लोकरीचं थर्मल परत आल्यावर मशीनला गरम पाण्यात टाकू नका, आटून पोराच्या मापाचं होतं, माझं झालंय. आणि आमचे ब्रॉडर दुकानात खुंटीला लटकवलेत, तीन जोड, कोणाला जायचं असेल त्यांनी घेऊन जावं, फक्त सासूबाईंचे परत आणून द्या, त्या पावसाळ्यात अंगणात घालणार म्हणतायत.